ओपनएलसीए : शेवेच्या रिकाम्या पाकिटाचा हिशेब कसा लागतो

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एखाद्या नमकीन कारखान्याला बेसन, तेल, गॅस आणि विजेचा कार्बन फूटप्रिंट (त्यापायी हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंचा हिशेब) काढणे फारसे जड जात नाही. बिले हाताशी असतात. अडते ते पाकीट रिकामे झाल्यानंतर. अशा हिशेबाचे नियम देणाऱ्या जीएचजी प्रोटोकॉलच्या स्कोप 3 मध्ये (मालाच्या आधी-नंतर, इतरांच्या हातून होणारे उत्सर्जन) विकलेल्या मालाच्या विल्हेवाटीला स्वतंत्र 12 वा वर्ग आहे आणि कारखान्यातला कचरा 5 व्या वर्गात जातो. पुष्कळ अहवालांत हे दोन्ही एकत्र कालवलेले असतात, नाहीतर बाराव्यासमोर सरळ शून्य असते. बर्लिनच्या ग्रीनडेल्टाची ओपनएलसीए ही मालाचा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा पर्यावरणीय हिशेब करणारी मोफत संगणक-प्रणाली या एकाच कामाला कितपत उपयोगी पडते, एवढेच इथे पाहिले आहे.

उदाहरण 200 ग्रॅम शेवेच्या पाकिटाचे घेऊ. 12 मायक्रॉन मेटलाइज्ड पीईटी (धातूचा पातळ थर दिलेले प्लॅस्टिक) आणि 50 मायक्रॉन पॉलिथिन, दोन बाजू, प्रत्येकी 20 बाय 26 सेंटिमीटर. घनतेने गुणले की सुमारे 1.75 ग्रॅम पीईटी आणि 4.8 ग्रॅम पॉलिथिन निघते. शाई आणि गोंद वेगळे. पॉलिथिन पूर्ण जळाले तर किलोमागे 3.14 किलो कार्बन डायऑक्साइड होतो, पीईटीचा 2.29. म्हणजे एक पाकीट जळाले की साधारण 19 ग्रॅम. प्रणालीच्या निकालात यापासून फार लांबचा आकडा दिसला, तर चूक मांडणीत आहे असे समजावे. हा हिशेब आधी कागदावर करून ठेवायलाच हवा.

मांडणीतली सर्वांत मोठी चूक फ्लोच्या (प्रक्रियेत आत येणाऱ्या किंवा बाहेर जाणाऱ्या गोष्टीच्या) प्रकारात होते. ओपनएलसीएमध्ये फ्लो तीन तऱ्हेचे आहेत: एलिमेंटरी (निसर्गातून घेतलेले किंवा निसर्गात सोडलेले), प्रॉडक्ट (माल) आणि वेस्ट (कचरा). रिकामे पाकीट 'प्रॉडक्ट' म्हणून आउटपुटमध्ये टाकले, तर प्रणाली ते शेवेबरोबर तयार झालेले दुसरे उत्पादन समजते आणि बोजा दोघांत वाटायला बघते. ते 'वेस्ट'च हवे: वापराच्या प्रक्रियेत आउटपुट, आणि जाळण्याच्या किंवा पुरण्याच्या प्रक्रियेत इनपुट, तोच त्या प्रक्रियेचा क्वांटिटेटिव्ह रेफरन्स, म्हणजे तिचे बाकीचे आकडे ज्याला धरून असतात ते माप. मग डिफॉल्ट प्रोव्हायडर (तो कचरा घेणारी पुढची प्रक्रिया) हाताने निवडायचा. तो जोडला गेला नाही तर पाकीट लटकत राहते आणि विल्हेवाटीचा आकडा निकालात येतच नाही. मॉडेल ग्राफ उघडून प्रत्येक वेस्ट फ्लोची रेघ पुढे कुठे जाते ते डोळ्यांनी पाहावे. ग्राफमध्ये हे इतके स्वच्छ दिसते, हाच या प्रणालीचा आम्हांला सर्वांत मोठा गुण वाटतो.

प्रणाली मोफत असली तरी आत आकडे नसतात. डेटाबेस वेगळा आणावा लागतो आणि इकोइन्व्हेंटसारख्याचा परवाना विकतचा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तयार डेटातला कचऱ्याचा प्रवास इंदूरचा नसतो. इथे कचरागाडीत सहा प्रकार वेगळे घेतात आणि ओला कचरा 2022 मध्ये दिवसाला 550 टन क्षमतेने सुरू झालेल्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो. सुका कचरा छाटला जातो. पण शेव इंदुरातच संपत नाही; माळव्यातल्या खेड्यांत तेच पाकीट चुलीत किंवा उकिरड्यावर जाते. म्हणून विक्रीच्या वहीतून शहर, छोटी गावे आणि बाहेरगाव असे वाटे काढावेत आणि ते ग्लोबल पॅरामीटर (सगळ्या मांडणीला लागू होणारे आकडे) म्हणून भरावेत. वाट्यांची बेरीज 1 होते की नाही हे प्रणाली स्वतःहून तपासत नाही, म्हणून शेवटचा वाटा '1 वजा बाकीचे' असा अवलंबित पॅरामीटर ठेवावा.

आता क्रेडिटचा, म्हणजे कचऱ्यामुळे वाचलेले उत्सर्जन वजा करण्याचा प्रश्न. खरा घोळ इथेच आहे. वेगळे काढलेले प्लॅस्टिक सिमेंटच्या भट्टीत गेले तर कोळसा वाचतो. याच पाकिटाच्या उष्णतेइतका कोळसा सुमारे 23 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड देतो. 'अव्हॉइडेड प्रॉडक्ट'वर खूण केली की 19 मधून 23 जातात आणि विल्हेवाट उणे 4 ग्रॅम दिसते. कट-ऑफ पद्धतीचा डेटाबेस वापरत असाल तर ही खूण करूच नये. त्या पद्धतीत कचऱ्यातून मिळणाऱ्या फायद्याचे क्रेडिट उत्पादकाला मिळत नाही. उरलेला हिशेब कट-ऑफने आणि एवढाच क्रेडिटने केला तर सोयीचे तेवढे दोन्हीकडून उचलल्यासारखे होते. युरोपच्या पीईएफ (उत्पादनाचा पर्यावरणीय फूटप्रिंट) पद्धतीत ऊर्जेसाठी जाळलेल्या कचऱ्याला बी घटक आहे, तो ठरीव 0; ए घटक (प्लॅस्टिकला 0.5 आणि धातूंना 0.2) पुनर्चक्रित मालासाठी असतो. गिऱ्हाईक युरोपचे असेल तर तेच सूत्र घ्यावे.

पाकिटाच्या नादात खोका विसरला जातो. 40 पाकिटांचा खोका 300 ग्रॅमचा धरला तर पाकिटामागे 7.5 ग्रॅम पुठ्ठा येतो. रद्दीवाल्याने नेला तर प्रश्न नाही. खोल, अव्यवस्थित ढिगात कुजला तर आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या ठरीव आकड्यांनी (कुजू शकणारा कार्बन 0.4 × त्यातला खरोखर कुजणारा 0.5 × ढिगाचा गुणक 0.8 × वायूतला मिथेन 0.5 × 16/12) किलोमागे 0.107 किलो मिथेन होतो. शंभर वर्षांत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट तापवतो, म्हणून 27 ने गुणल्यावर खोक्याचा वाटा जवळपास 22 ग्रॅम, म्हणजे जळालेल्या पाकिटापेक्षा जास्त. शिळी शेव फेकली जात असेल तर अन्नकचऱ्याच्या ओल्या वजनाचा 15 टक्के कार्बन लावू नये. तो आकडा भाजीपाल्यासारख्या पाणीदार कचऱ्याचा आहे. शेव कोरडी, तिला कोरड्या वजनाचा 38 टक्के जवळचा.

एक उणीव मात्र कुठल्याच पॅरामीटरने भरून निघत नाही. पुरलेले प्लॅस्टिक शंभर वर्षांत जवळजवळ कुजत नाही, म्हणून कार्बनच्या रकान्यात उकिरडा भट्टीपेक्षा स्वस्त दिसतो. नाल्यात अडकलेल्या किंवा गाईच्या पोटात गेलेल्या पाकिटाला इथे रकानाच नाही. अहवालात फेकल्या जाणाऱ्या पाकिटांचे वजन ग्रॅममध्ये वेगळे लिहावे, निकालाच्या शेजारीच.

ज्यांच्याकडे विक्रीची नीट वही आहे आणि हिशेबाला आठवडाभर देणारा एक माणूस आहे, त्यांनी ही प्रणाली जरूर घ्यावी. नुसता आकडा छापून हवा असेल तर घेऊ नये; वाटे न भरता काढलेला बारावा वर्ग परदेशातल्या कुठल्यातरी शहराच्या कचऱ्याचा असतो.