सांगलीतला वेब डिझाईनचा क्लास: साडेतीन स्टार, त्यातले तीन स्टाईलशीटचे

क्लासचं नाव टाकत नाही, खाली तक्रारी पण आहेत आणि सर गणपती मंदिराच्या रस्त्यावर कायम भेटतात. विश्रामबागच्या बाजूला आहे एवढं पुरे. तीन महिने, संध्याकाळी ६ ते ८. मी बीकॉम, कॉम्प्युटरशी संबंध टॅलीपुरता. बॅचला बारा जण आणि पीसी दहा, म्हणजे दोघं कायम दुसऱ्याच्या खुर्चीला चिकटून. एसी आहे, लावत नाहीत.

पहिला महिना नुसतं एचटीएमएल (वेबपान लिहायची भाषा, तिच्यातल्या खुणांना टॅग म्हणतात), आणि रंगबिंग द्यायला सरांनी फॉन्ट टॅग शिकवला. १९९७ ला एचटीएमएल ४ आलं तेव्हाच हा टॅग वापरू नका म्हणून ठरलेलं, आणि आम्ही तो आत्ता वहीत उतरवून घेतोय! नंतर प्रत्येक टॅगच्या आतच स्टाईल, म्हणजे रंगबिंगचे नियम, लिहायला लावली. मामांचं मार्केट यार्डात हळदीचं दुकान आहे, म्हटलं प्रॅक्टिस म्हणून त्यांची साईट करू. राजापुरी, सेलम, हळकुंड, पावडर असं करत करत १४ पानं झाली, प्रत्येक हेडिंगला हातानं पिवळा रंग. मामांनी मोबाईलवर बघितलं आणि म्हणाले, "अगं हे लिंबू हाय, हळद कुठाय?" बसले बदलायला. फाईंड-रिप्लेस करावं तर कुठं मी यलो लिहिलेलं, कुठं कलरचा कोड. दोन तास गेले, दोन पानं राहिली, आणि मामांनी नेमकी तीच उघडली.

पाचव्या आठवड्यात सरांनी स्टाईल डॉट सीएसएस नावाची वेगळी फाईल केली (हीच स्टाईलशीट, आणि सीएसएस म्हणजे पान कसं दिसावं ते लिहायची भाषा), पानांच्या हेडमधे एक लिंकची ओळ टाकली, एका जागी रंग बदलला आणि डेमोची सगळी पानं बदलली. मला आनंद नाही झाला, राग आला. हे आधी का नाही सांगितलं विचारलं तर म्हणे आधी शिकवलं की पोरं पाठ करतात, कशाला पाहिजे ते कळत नाही. मला हे अजून पटलेलं नाही, माझे दोन तास गेले ते गेलेच.

घरी येऊन लिंक टाकली तर रंगात काहीच फरक नाही. कॅशे (ब्राउझरनं साठवलेलं जुनं पान) क्लिअर केला, फाईलचं नाव चारदा तपासलं. दुसऱ्या दिवशी सरांनी एफ १२ दाबून इन्स्पेक्ट (ब्राउझर कुठला नियम लावतोय ते दाखवणारी खिडकी) दाखवलं, माझा नवीन नियम तिथं आलेला पण त्याच्यावर आडवी काट! टॅगच्या आत लिहिलेली स्टाईल बाहेरच्या फाईलला ऐकत नाही ना. इथं मात्र सरांना मानलं. म्हणाले, टॅगचा नियम म्हणजे सोसायटीची नोटीस, क्लासचा (शिकवणीचा नाही, अनेक टॅगना मिळून दिलेलं नाव) म्हणजे तुमच्या मजल्याची, आयडीचा (एकाच टॅगचं नाव) म्हणजे तुमच्या दारावरची चिठ्ठी, आणि टॅगमधली स्टाईल म्हणजे घरात आईनं सांगितलेलं. दोन नोटिसा एकाच तोडीच्या असल्या तर नंतर लावलेली चालते. कॅस्केड म्हणतात ते हेच. मग १४ पानांची धुलाई केली, आतल्या स्टाईल सगळ्या काढल्या. मधे आळस म्हणून नियमांना इम्पॉर्टंट (बाकीच्यांना मागे सारणारा शब्द) लावत सुटले होते, नऊ झाले तेव्हा मलाच कळेना कोण कुणाचं ऐकतंय.

सगळ्यात भारी तास सीएसएस झेन गार्डनचा. डेव्ह शे नावाच्या माणसानं २००३ ला केलेली साईट, एचटीएमएल एकच, स्टाईलशीट बदलली की पान ओळखूच येत नाही. हाकोन व्हिउम ली यांनी ही कल्पना १९९४ लाच मांडलेली आणि १९९६ ला पहिलं सीएसएस आलं, हे पण त्याच तासाला कळलं. म्हणजे माझा फॉन्ट टॅगचा महिना अजूनच जिव्हारी लागला.

बाकी, पानावर गोष्टी मांडायच्या दोन पद्धतींपैकी फ्लेक्स दोन दिवसात उरकलं, ग्रिड अर्ध्या तासात. बॉर्डर-बॉक्स, म्हणजे पॅडिंग (आतली मोकळी जागा) धरूनच रुंदी मोजायची, हे नीट सांगितलं (ते नसलं तर ३०० चा बॉक्स दोन्ही बाजूंना २० पॅडिंग दिल्यावर ३४० का होतो ते).

मोठी उणीव मराठीची. सगळी उदाहरणं इंग्रजी. मराठी मजकुराला लाईन-हाईट (ओळीची उंची) इंग्रजीएवढीच ठेवली की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर बसतात, मी बॉडीला १.७ दिली तेव्हा जरा मोकळं झालं. आणि लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) तर देऊच नका, शिरोरेषा तुटून अक्षरं दात पडल्यासारखी दिसतात. हे माझं मीच शोधलं, फी मधे नव्हतं.

मामांनी परवा परत रंग बदलायला लावला, म्हणाले पहिलाच बरा होता. चहा निवायच्या आत केलं.

नवीन बॅच एक तारखेला. लवकर जाऊन खिडकीकडचा पीसी धरा आणि माऊस स्वतःचा न्या.