मार्शल यांचं घर की जॉन जे यांची शेतवाडी?

डिसेंबर १८०० मध्ये अध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी अमेरिकेच्या सरन्यायाधीशपदासाठी जॉन जे यांचं नाव सुचवलं. जॉन जे हे देशाचे पहिले सरन्यायाधीश. १७८९ ते १७९५ हे पद त्यांनी सांभाळलं होतं. सिनेटने मंजुरी दिली, पण जे यांनी नकार कळवला. सर्वोच्च न्यायालयाला ना बळ, ना वजन, ना प्रतिष्ठा, असं त्यांचं म्हणणं होतं. मग ॲडम्स यांनी आपल्याच परराष्ट्रमंत्र्याची निवड केली. ते जॉन मार्शल. पुढची ३४ वर्षं ते त्या खुर्चीवर होते.

या दोघांची घरं आज बघता येतात. न्यू जर्सीत किंवा वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांकडे सुटीचा एकच दिवस असतो आणि त्यात यांपैकी एकच घर बघून होतं. निवड करताना हा नकार ध्यानात ठेवावा, असं मला वाटतं. जे यांचं घर पद नाकारलेल्या माणसाचं आहे, मार्शल यांचं ते स्वीकारलेल्याचं.

जे यांची वाडी न्यूयॉर्क राज्यात कटोनाला आहे. न्यूयॉर्क शहरातल्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून हार्लेम मार्गाची गाडी पकडली की तासाभरात कटोना येतं. पुढे थोडं अंतर टॅक्सीने जावं लागतं. ६० एकरांहून जास्त मोकळी जमीन, कुरणं, जुनी झाडं. १८०१ मध्ये न्यूयॉर्कचं गव्हर्नरपद सोडून जे इथे शेती करायला आले. पत्नी सारासोबत निवांत राहायचं, हे त्यांचं फार दिवसांचं स्वप्न. पण मे १८०२ मध्ये सारा गेल्या. नवं घर जेमतेम लागलं होतं. त्यानंतर जे यांनी तिथे २७ वर्षं काढली आणि १८२९ मध्ये त्यांचं निधन झालं. पुढच्या पिढ्याही याच घरात राहिल्या, त्यामुळे इथे एका माणसापेक्षा एका कुटुंबाची गोष्ट दिसते. मुलगा विल्यम गुलामगिरीविरोधी चळवळीतला मोठा कार्यकर्ता झाला.

न्यूयॉर्क राज्यातच राय या गावी जे कुटुंबाची आणखी एक मालमत्ता आहे. जे यांचं बालपण तिथे गेलं, पण आज तिथे उभा असलेला वाडा त्यांच्या मृत्यूनंतर, १८३८ मध्ये मुलाने बांधलेला आहे. नकाशात पत्ता टाकताना गल्लत करू नका.

मार्शल यांचं विटांचं घर व्हर्जिनियातल्या रिचमंडला, भर शहरात. १७९० मध्ये बांधून झालं आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १८३५ पर्यंत, त्यांचं बिऱ्हाड इथेच होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराला त्या जागेवर शाळा हवी होती आणि घर पडता पडता वाचलं. १९११ पासून ते एका वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. मोकळं आवार फारसं उरलेलं नाही. स्वयंपाकघर, तबेला, वकिलीची कचेरी हे सगळं गेलं.

तरी मला विचाराल तर मी हेच घर सुचवेन, आणि त्याचं कारण जेवणाचं टेबल. मार्शल शहरातल्या वकिलांना नियमित जेवायला बोलवत, तीसेक माणसांची पंगत असे. मार्शल यांच्याआधी प्रत्येक न्यायाधीश आपापलं मत वेगळं वाचून दाखवत असे. मार्शल यांनी न्यायालयाचं एकच मत द्यायची पद्धत रुजवली. वॉशिंग्टनमध्ये सगळे न्यायाधीश एकाच खाणावळीवजा घरात राहत, एकत्र जेवत आणि खटल्यांवर बोलत. १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात, घटनेशी विसंगत कायदा रद्द ठरवण्याचा अधिकार याच न्यायालयाने हाती घेतला. जॉन जे यांना न्यायालयाचं जे वजन दिसलं नव्हतं, ते असं माणसं जोडत जोडत आलं. ते या घरात समजतं.

त्याच घराची दुसरी बाजूही तितकीच खरी. पत्नी पॉली यांना आवाज सहन होत नसे. दहा मुलांपैकी चार लहानपणीच गेली होती. बायकोला त्रास नको म्हणून मार्शल घरात जोडे काढून वावरत, असं सांगतात.

गुलामगिरीचा प्रश्न दोन्हीकडे विचारावाच. जे यांनी १७८५ मध्ये गुलामांच्या मुक्तीसाठी संस्था काढली, गव्हर्नर असताना १७९९ च्या टप्प्याटप्प्याने मुक्तीच्या कायद्यावर सही केली, आणि तरीही स्वतः गुलाम बाळगले. मार्शल यांच्या पंगती गुलामांच्या श्रमांवर उठत. रॉबिन स्परलॉक हा त्यांच्या घरातला मुख्य चाकर. मृत्युपत्रात मार्शल यांनी त्याला मुक्तीचा पर्याय दिला, पण १८०६ च्या कायद्याने व्हर्जिनियात मुक्त झालेल्याला वर्षभरात राज्य सोडावं लागे. आपली माणसं सोडून जायचं कुठे? माहिती सांगणाऱ्याला रॉबिनबद्दल नक्की विचारा.

भारतातून आलेले आईवडील किंवा लहान मुलं सोबत असतील तर मात्र कटोना बरं. मुलांना पळायला जागा, मोठ्यांना सावली. वकिलीचे विद्यार्थी, इतिहासाची ओढ असलेले, यांनी रिचमंड गाठावं. तिथून चालत व्हर्जिनियाच्या विधानभवनात जाता येतं. माजी उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर यांच्यावरचा देशद्रोहाचा खटला १८०७ मध्ये मार्शल यांच्यासमोर तिथेच चालला. शॉको हिलच्या दफनभूमीत मार्शल आणि पॉली शेजारी शेजारी आहेत. दोन्ही घरांच्या वेळा मोसमानुसार बदलतात, तेव्हा निघण्याआधी त्या बघून घ्या.