नर्मदा परिक्रमेला रेल्वेने जावं की स्वस्तातल्या विमानाने? तीन खेपांनंतरचा अनुभव

गेल्या कार्तिकात आम्ही तिघांनी, म्हणजे मी, आमचे हे आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, ओंकारेश्वरला नर्मदामैयाच्या पायी परिक्रमेचा संकल्प सोडला. सलग चालायचं तर चार-पाच महिने घर सोडावं लागतं. घरी नव्वदीच्या सासूबाई आहेत. नणंद येऊन त्यांच्यापाशी महिनाभर राहते, त्याहून जास्त तिला जमत नाही. म्हणून खंड परिक्रमा: थोडं चालायचं, घरी यायचं आणि पुन्हा जिथे थांबलो तिथूनच उचलायचं. नोव्हेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ या काळात तीन खेपा झाल्या. जाण्यायेण्याचे सहा प्रवास, त्यात तीनदा रेल्वे, दोनदा विमान आणि एकदा रात्रीची बस. ओळखीतलं जे कोणी निघतं ते पहिलं हेच विचारतं, की इंदूरचं विमान स्वस्तात मिळतंय, मग रेल्वेची दगदग कशाला? फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पैसे आणि तास यांच्या आधी नकाशा बघा. नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब. अमरकंटकला उगम, भरूचच्या पुढे समुद्र. परिक्रमेत मैया कायम उजव्या हाताला ठेवायची आणि संकल्प सोडल्यावर मध्ये कुठेही ओलांडायची नाही. तट बदलतो तो उगमाला वळसा घालताना आणि खाली समुद्रात नावेतून जाताना, एवढाच. ओंकारेश्वराचं मंदिर बेटावर आहे, म्हणून त्याचं दर्शन संकल्पाच्या आधी घेऊन ठेवतात. आता विमानतळ आहे इंदूरला, म्हणजे मैयाच्या उत्तरेला. ओंकारेश्वरहून निघणारी वाट मात्र आधी दक्षिण तटाने समुद्राकडे जाते. मुंबई-पुण्याकडून भुसावळमार्गे खंडव्याला जाणारी रेल्वे सगळा वेळ मैयाच्या दक्षिणेलाच राहते. ती मैया ओलांडते इटारसीच्या पुढे, नर्मदापुरमला. खंडव्याहून सनावद, मोरटक्का करत ओंकारेश्वरला येताना मैयावरचा पूल लागत नाही. इंदूरहून येताना बडवाह सोडलं की तो लागतोच. पहिल्या खेपेला याने काही अडत नाही, संकल्प व्हायचाच असतो. दुसऱ्या खेपेला अडतं. आमचं अडलं.

पहिल्या खेपेला आम्ही झेलम एक्सप्रेसने गेलो. ही गाडी पुण्याहूनच सुटते, त्यामुळे जाताना मागून उशिरा येण्याचा प्रश्न नाही. थर्ड एसीचं तिकीट माणशी हजाराच्या आसपास पडलं. संध्याकाळी बसलो, दौंड गेल्यावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, अहिल्यानगरनंतर आडवे झालो. खंडवा पहाटेच्या अंधारात येतं आणि गाडी तिथे फार वेळ थांबत नाही, तेव्हा गजर लावून झोपा आणि भुसावळ गेलं की सामान दाराजवळ आणून ठेवा. उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात बसलो. मग दादाजी धूनीवाल्यांच्या दरबारात जाऊन अखंड धुनीपुढे डोकं टेकलं आणि बस धरली. मध्य प्रदेशात आपल्यासारखी एसटी नाही, खासगी गाड्या असतात आणि भरल्याशिवाय हलत नाहीत. सत्तर किलोमीटरला अडीच तास लागले. तरी दहाच्या आत ओंकारेश्वरला होतो. स्नान, ओंकारेश्वराचं दर्शन, मग दक्षिण तटावर येऊन मुंडण, कुपीत, म्हणजे परिक्रमाभर जवळ बाळगायच्या छोट्या बाटलीत, मैयाचं जल भरणं, कन्यापूजन आणि कढाईचा शिरा, सगळं त्याच दिवशी पार पडलं.

वेळेचा हिशेब मी मुद्दाम मांडून पाहिला आहे. सकाळच्या विमानाने निघालं तर आमच्या सिंहगड रस्त्यावरून लोहगावला सव्वा तास, तिथे दोन तास आधी हजर, विमानात सव्वा तास, इंदूरला सामान येईपर्यंत अर्धा तास आणि पुढे टॅक्सीने अडीच-तीन तास. ओंकारेश्वरला पोचायला दुपारचे चार वाजतात. तेव्हा संकल्प कोणी सोडत नाही. लॉजवर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळीच तो सोडायचा. म्हणजे रेल्वेने आदल्या संध्याकाळी निघालेला आणि विमानाने आदल्या सकाळी निघालेला, दोघेही घाटावर एकाच सकाळी उभे. विमानाने दिवस वाचत नाही, उलट एक मुक्काम वाढतो. गुडघे किंवा पाठ इतकी दुखत असेल की रात्रभर बर्थवर झोपवत नाही, तर गोष्ट वेगळी.

ओंकारेश्वर ते बडवानी आम्ही चौदा दिवसांत चाललो. वाटेत रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांच्या समाधीपाशी एक रात्र काढली. बडवानीहून सेंधवा, शिरपूर, धुळे या रस्त्याने बसने घरी आलो. तो रस्ताही सगळा दक्षिणेचाच.

जानेवारीत पुन्हा बडवानीला जायचं होतं. यांना पुणे-इंदूर तिकीट तीन हजारांच्या आत दिसलं आणि त्यांनी ते काढून टाकलं. पैसे भरेपर्यंत माणशी साडेतीन हजारांवर गेलं, ते समजू शकते. सामानाचा मात्र मी आधी विचार करायला हवा होता. हाताशी सात किलो आणि खाली पंधरा किलो, तेवढं परिक्रमावासीला भरपूर होतं. अडचण होते ती पूजेच्या पिशवीची. कापूर, काडेपेटी आणि सुकं खोबरं, तिन्ही विमानात चालत नाहीत, ना हातातल्या सामानात ना खालच्या. आमचा एवढा जपून बांधलेला पुडा काउंटरवर सोडायला लागला. दंड, म्हणजे परिक्रमेत हाती धरायची काठी, तर डोक्याएवढ्या उंचीचा. तो केबिनमध्ये नेता येत नाही. तिन्ही दंड चादरीत गुंडाळून, सुतळीने आवळून मोठ्या सामानाच्या वेगळ्या काउंटरवर दिले. इंदूरला बॅगा पट्ट्यावर आल्या, दंड आले नाहीत. चाळीस मिनिटांनी एक कर्मचारी ते आतून घेऊन आला. सुतळी तुटलेली होती आणि जाऊबाईंच्या दंडाच्या टोकाची ढलपी उडालेली. मैयाच्या काठी पूजन करून घेतलेला दंड होता तो. त्या बराच वेळ त्या जागेवरून नुसता अंगठा फिरवत राहिल्या.

कुपी मी हातातल्या पिशवीत ठेवली होती. तपासणीला जवानाने विचारलं, यात काय? म्हटलं, नर्मदाजल. तो म्हणाला, एक घोट पिऊन दाखवा, मग जा. त्याची काही चूक नव्हती, नियमच असेल तसा. पण ते जल प्यायचं नसतं, परिक्रमा पुरी झाली की ते ओंकारेश्वराला वाहायचं असतं. मागे रांग खोळंबली होती आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. जाऊबाई पुढे झाल्या आणि त्यांनी हिंदीत शांतपणे सगळं समजावलं. त्याने वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी कुपी उजेडात धरून पाहिली, यंत्रातून पुन्हा काढली आणि दिली. रेल्वेत हीच कुपी माझ्या उशाशी होती आणि दंड बर्थखाली.

यापुढचं लिहिताना अजूनही बरं वाटत नाही. इंदूरहून बडवानीला टॅक्सी केली, बेचाळीसशे रुपये. विमान मैयाच्या वरून जातं याचा विचार आम्ही केला होता. आकाशातून गेलेलं ओलांडण्यात धरत नाहीत, असं एकदोघांनी सांगितलं होतं, त्यावर विसंबलो. पण इंदूरपासून पुढचा रस्ता कुठून जातो हे तिघांपैकी एकानेही पाहिलं नाही. महू मागे पडलं, घाट उतरला, मला डुलकी लागली. गाडीचा वेग कमी झाला म्हणून जाग आली, तर ड्रायव्हरने काच खाली करून नाणं भिरकावलं आणि म्हणाला, "नर्मदे हर." खाली संथ, रुंद पाणी. खलघाटचा पूल. जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला. "अगं, कुपी कुठंय?" कुपी माझ्या मांडीवर होती. गाडी पुलाच्या मध्यावर होती, थांबवून तरी काय करणार? नोव्हेंबरात याच पुलाच्या दक्षिण टोकाशी आम्ही चहा प्यायलो होतो. पूल डोळ्यांनी पाहिलेला होता, तरी लक्षात आलं नाही.

बडवानीला आश्रमात महाराजांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, जाणूनबुजून केलं नाहीत, मैयाची क्षमा मागा, कन्याभोजन घाला आणि पुढे चला. दुसरे एक वयस्कर परिक्रमावासी तिथेच होते, त्यांचं मत पडलं की परिक्रमा खंडित झाली, ओंकारेश्वरपासून पुन्हा सुरू करा. दोन्ही मतं मानणारे लोक आहेत. आम्ही महाराजांचं ऐकलं. सात मुलींना जेवू घातलं, काठावर बसून क्षमा मागितली आणि चालू लागलो. मनातली टोचणी जायला मात्र पुढचे कितीतरी दिवस लागले. शूलपाणीच्या झाडीतून चालताना रोज संध्याकाळी कुपीपुढे निरांजन लावलं की तो पूल डोळ्यांपुढे यायचा.

आणि हे सहज टाळता आलं असतं. बडवानीला रेल्वे नाही, विमानतळ नाही. पुणे-इंदूर रात्रीच्या स्लीपर बस धुळे, शिरपूर, सेंधवा असंच जातात. त्या बसने जुलवानियाला उतरायचं, तिथून अंजडमार्गे बडवानी. मैयाचा पूल त्याच्याही पुढे आहे. तिघांचं तिकीट आमच्या टॅक्सीच्या भाड्याहून कमी झालं असतं. विमान, टॅक्सी धरून त्या एका दिवसात आमचे पंधरा हजार गेले. पहिल्या खेपेला घरापासून ओंकारेश्वरपर्यंत तिघांचे मिळून चार हजारही झाले नव्हते.

दुसरी खेप अंकलेश्वरला संपवली, तिसरी तिथूनच सुरू केली. येता-जाता दोन्ही वेळा रेल्वे, आणि याबद्दल बोलण्यासारखं फारसं नाही, इतकं ते सरळ आहे. अंकलेश्वर स्टेशन मैयाच्या दक्षिणेला, भरूच उत्तरेला, पूल दोघांच्या मध्ये. मुंबईकडून येणाऱ्याने अंकलेश्वरलाच उतरायचं, एवढं लक्षात ठेवलं की झालं. विमानाच्या नादाने वडोदऱ्याला उतराल तर पुन्हा उलट पूल ओलांडून यावं लागेल. तिकिटाचं मात्र लवकर बघा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. आम्हाला पहिल्या खेपेला जुना नियम मिळाला होता, तिसऱ्या वेळी साठाव्या दिवशी सकाळी आठला फोन घेऊन बसलो तेव्हा खालचे बर्थ मिळाले.

विमलेश्वरहून नावेने मीठी तलाईला उतरलो आणि उत्तर तट लागला. नारेश्वर, चांदोद, मग गरुडेश्वरला टेंबेस्वामींची समाधी. इथे आपली मराठी माणसं इतकी भेटतात की घरी आल्यासारखं वाटतं. पुढे धरमपुरीनंतर खलघाट आलं, या खेपेला पायी. आम्ही त्या पुलाखालून गेलो. वर ट्रक धडधडत होते. जाऊबाई मधल्या सावलीत थांबल्या, दंड टेकवला आणि हात जोडून उभ्या राहिल्या. मीही राहिले. कोणी काही बोललं नाही.

पाडवा महेश्वरच्या घाटावर केला आणि तिथे खंड थांबवला. ऊन चढलं होतं, यांचा पाय सुजला होता. या वेळी परत यायला विमान घेतलं आणि ते अगदी योग्य ठरलं, हे तितक्याच खरेपणाने सांगते. महेश्वरहून इंदूर एकाच तटावर, नव्वद किलोमीटर. उत्तर तटावरून पुण्याला यायचं तर रेल्वेनेही मैया ओलांडावीच लागते, ते अटळ आहे. निदान ओलांडताना ती बरोबर नसावीत म्हणून कुपी आणि तिन्ही दंड महेश्वरच्या आश्रमात ठेवून आलो. तिथल्या माताजी रोज कुपीची पूजा करतात. हातात एकेक पिशवी, कापूर नाही, दंड नाही, दुपारी निघालो ते रात्रीचं जेवण घरी जेवलो. विमान अर्धा तास उशिरा सुटलं, त्याचं काही वाटलं नाही. सुजलेल्या पायाने यांना रात्रभर रेल्वेत बसवायची माझी तयारी नव्हती.

तेव्हा माझं मत असं. दक्षिण तटावरून निघणार असाल, ओंकारेश्वरहून नव्याने असो की मधल्या एखाद्या गावाहून, तर रेल्वे किंवा धुळ्याकडची बस. उत्तर तटावर इंदूर किंवा जबलपूरजवळ थांबला असाल, आणि कुपी-दंड तिथेच ठेवायची सोय असेल, तर विमान खुशाल घ्या. अमरकंटकहून सुरू करणाऱ्यांना नागपूर, रायपूर, बिलासपूरवरून पेंड्रा रोडला उतरता येतं, त्या वाटेने मैया कुठेच ओलांडली जात नाही. तिकीट कोणतंही काढा, पण उतरल्यानंतरचा रस्ता नकाशावर बोट ठेवून गावागावाने बघा, आणि टॅक्सीवाल्याला निघण्याआधी विचारा की पूल कोणता लागणार.

चातुर्मास संपला की आम्ही पुन्हा महेश्वरला निघू. इंदूरच्या विमानाची तिकिटं काढून झाली आहेत. जाऊबाईंनी दंडाच्या त्या टोकाला बसवायला पितळेची टोपी करून घेतली आहे, ती तेवढी पिशवीत टाकायची आहे.