पोस्टाच्या जीपचे आठ महिने

गेल्या सप्टेंबरात १९७४ची पोस्टाची जीप घेतली, डीजे-५ डिस्पॅचर. शिकागोच्या उपनगरात आठवड्यातून तीन-चार दिवस चालवतो.

स्टिअरिंग उजवीकडे! पुण्यात गाडी शिकलेल्या मला वीस वर्षांनी उजव्या हाताला दार मिळालं. रस्ता मात्र इथला, उजव्या बाजूने चालायचा, त्यामुळे ओव्हरटेक करताना समोरचं दिसत नाही. मी ओव्हरटेक करणंच सोडलं.

ही गाडी पोस्टमनच्या हाताच्या मापाने बेतली आहे. दार सरकवून मागे अडकवायचं, फुटपाथच्या कडेला जायचं, की खांबावरची पत्रपेटी बरोबर कोपराच्या उंचीवर येते. वाकावं लागत नाही. डावीकडे सीट नाही, पत्रांचा ट्रे आहे. दिवाळीत त्यात अंकांचे गठ्ठे रचून मी मराठी घरं फिरलो. अंक दारात जाऊन दिले, कारण इथे पत्रपेटीत बिनतिकिटाचं काही टाकायला कायद्याने बंदी आहे.

हिच्याआधी पोस्टाकडे तीनचाकी मेलस्टर असायची. साडेसात अश्वशक्तीचं इंजिन, तीन इंच बर्फ पडला की जागच्या जागी थांबायची. तिच्यापुढे ही जीप म्हणजे केवढी सोय! विलीस या जीप बनवणाऱ्या कंपनीने १९५५मध्ये डिस्पॅचर काढली, डीजे-५ आली १९६५मध्ये, कैसर कंपनीकडून. १९७०मध्ये एएमसी (अमेरिकन मोटर्स) या मोटार कंपनीने कैसरचा जीप कारखाना घेतला आणि वर्षभरात त्यातून एएम जनरल ही कंपनी वेगळी झाली. माझी गाडी तिच्याच कारखान्यातली, इंडियानातल्या साउथ बेंडची, जिथे एकेकाळी स्टुडबेकर या मोटार कंपनीचं राज्य होतं.

जीप म्हटली तरी ताकद फक्त मागच्या चाकांना. मागचा भाग रिकामा, म्हणून हलका. जानेवारीत चाकं जागीच फिरायला लागल्यावर वाळूची दोन पोती मागे टाकली, मग नीट चालली. पन्नास वर्षांचं रबर कडक झाल्याने दारातून पाणी यायचं. एका विक्रेत्याने रबरपट्टी दोनदा चुकीची पाठवली, शेवटी मापं घेऊन मीच कापून बसवली.

शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहतात. एकदा त्यांना सीटवर बसवलं. त्यांचा डावा हात न बघताच ट्रेकडे गेला आणि तिथेच थांबला. बराच वेळ ते उतरले नाहीत.

घ्यायची असेल तर रंगाकडे नंतर बघा. आधी दाराचा खालचा रूळ आणि खाली वाकून चासीचा (गाडीच्या सांगाड्याचा) गंज बघा. रूळ वाकला असेल तर दार एका हाताने सरकणार नाही.