विजापूरचा पाण्याचा वॉक : फक्त गोलघुमट बघून परत फिरू नका

आपल्याकडचे बहुतेक लोक विजापूरला जातात ते सोलापूरहून सकाळी निघून, गोलघुमट, इब्राहिम रोजा, मुलूख मैदान तोफ, जेवण आणि संध्याकाळी परत. वाईट काही नाही त्यात, पण एवढं मोठं राजधानीचं शहर, त्यात माणसं राहत कशी होती हे मात्र काहीच कळत नाही. म्हणून यावेळी तिथल्याच एका गाईडचा अर्ध्या दिवसाचा वॉक घेतला, विषय एकच, आदिलशाहीत विजापूर पाणी कुठून पीत होतं. हा रिव्ह्यू त्याचाच आहे आणि आधीच सांगते, मला प्रचंड आवडला.

सुरुवात ताज बावडीपासून. 1620 ची, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातली. समोर भलीमोठी कमान, दोन्ही बाजूला अष्टकोनी बुरूज, कमानीतून आत गेलं की पायऱ्या आणि खाली चौकोनी हौद. आपण 'बघितलं, छान' म्हणून पुढे गेलो असतो, पण गाईडकाकांनी आम्हाला आधी बाजूच्या ओवऱ्यांकडे नेलं आणि सांगितलं की इथे वाटसरू उतरायचे. लांबून माल घेऊन आलेला माणूस, त्याचं जनावर, दोघांनाही पाणी हवं आणि सावली हवी, ते दोन्ही एकाच इमारतीत. मग कमान एवढी रुंद का, पायऱ्या एवढ्या ऐसपैस का हे आपोआप समजतं, कारण एकाच वेळी घागरी घेऊन उतरणारे आणि चढणारे किती असतील त्याचा विचार करा ना. पाण्याची अवस्था बघून मात्र जीव तुटतो, कडेला प्लास्टिक अडकलेलं होतं. पाणी जपायला बांधलेल्या जागेत आपण कचरा टाकतो, हे मला खरंच सहन होत नाही.

चांद बावडी याच्याही आधीची, 1579 ची. तिथे काकांनी एक गोष्ट चांगली जोडून दाखवली. 1565 ची तालिकोटची लढाई आपण शाळेत शिकतो ती विजयनगर पडलं म्हणून, पण त्यानंतर तिकडून माणसं विजापुरात यायला लागली, शहर फुगलं, आणि फुगलेल्या शहराला आधी काय लागतं तर पाणी. लढाईचा परिणाम विहिरीच्या काठावर उभं राहून ऐकायला मिळाला हे मला फार आवडलं.

पण खरी मजा पुढे आहे, आणि यासाठीच मी हा वॉक सगळ्यांना सुचवते. शहराच्या दक्षिणेला बेगम तलाव, मुहम्मद आदिलशहाने 1651 मध्ये बांधलेला, आणि तिथून शहरात येणारी जमिनीखालची नळांची लाईन. नळ भाजलेल्या मातीचे, खापरी, आणि भोवती चुन्यातलं पक्कं बांधकाम. वाटेवर मध्ये मध्ये उंच चौकोनी दगडी मनोरे लागतात, त्यांना गंज म्हणतात. येता-जाता आपल्याला ते पडके बुरूजच वाटतात. पाणी उतारावरून जोरात आलं की मातीचे नळ फुटणार, म्हणून ते मनोऱ्यात वर चढवायचं, तिथे त्याचा दाब कमी व्हायचा, बरोबर आलेला गाळ खाली बसायचा, आणि मग पाणी पुढच्या नळात. पंप नाही, वीज नाही, सगळं नुसत्या उतारावर. हे समजल्यावर मी त्या मनोऱ्यासमोरून हलेना, बाकीचे पुढे गेले तरी. आपल्या सोसायटीतल्या टाकीचा विचार डोक्यात येतोच.

तोरवीकडून बोगद्यातून पाणी आणायची आणखी जुनी सोय होती, त्याबद्दल काका भरभरून बोलले, पण तिकडे जायला वेळ उरला नाही. माझी तक्रार एवढीच की शेवटचा भाग घाईत उरकला. सुरुवातीला चहाला थांबलो त्यात बराच वेळ गेला, तो इकडे वापरता आला असता. आणि हातात एखादा साधा नकाशा द्यायला हवा, कारण आत्ता विहीर, मग तलाव, मग मनोरा असं बघताना नळ नेमका कुठून कुठे जातो हे डोक्यात बसवायला त्रास होतो.

गाईडकाका दखनी बोलतात, मध्ये मध्ये चांगलं मराठी. आईला हिंदी फार जमत नाही तर तिच्यासाठी प्रत्येक गोष्ट परत मराठीत सांगत होते, कंटाळा नाही, चिडचिड नाही. खोटे किस्सेही सांगत नाहीत, 'लोक असं म्हणतात' आणि 'हे कोरलेलं आहे' यातला फरक स्वतःहून सांगतात. मला गाईडमध्ये हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

गोलघुमट नंतर बघा असं मी म्हणेन. 1656 चा तो घुमट, बाहेरून 44 मीटर व्यासाचा, आत एकही खांब नाही, तो बघून माणूस थक्क होतोच. पण आधी गंज बघितलेले असले की घुमटाखाली उभं राहून वेगळेच प्रश्न पडतात, एवढा चुना भिजवायला पाणी कुठून आणलं असेल, एवढे गवंडी आणि बिगारी रोज काय पीत असतील.

उन्हाळ्यात अजिबात जाऊ नका, थंडीत सकाळी लवकर सुरू करा, टोपी आणि चांगले बूट हवेतच कारण बरंच चालणं आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी बावडीच्या पायऱ्या उतरायचा हट्ट करू नये, वरूनही छान दिसतं. शाळेतल्या मुलांना जरूर न्या, आमच्याबरोबर सातवीतला भाचा होता आणि गंजापाशी सगळ्यात जास्त प्रश्न त्यानेच विचारले. पाचपैकी साडेचार, अर्धा कापलाय तो नकाशासाठी.