क्लास बी ऑटोक्लेव्ह, नऊ महिन्यांनंतर: सगळं अडलं ते एका गॅस्केटवर

गेल्या मंगळवारी सकाळी आमच्या दातांच्या दवाखान्यातलं, वाफेने अवजारं निर्जंतुक करणारं हे मशीन अर्ध्या सायकलवर थांबलं. पडद्यावर व्हॅक्यूमचा एरर. आत इम्प्लांटच्या ड्रिलची कॅसेट आणि बाहेर वाळपईहून कदंबा बस पकडून फोंड्याला आलेले काका. इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा दाताचा खुंट, कंपनीतूनच गॅमा किरणांनी निर्जंतुक होऊन सीलबंद येतो, त्याची काळजी नव्हती. पण ज्या ड्रिलने हाड कोरायचं तेच खात्रीचे नसतील, तर टायटॅनियम कितीही चांगलं असून काय उपयोग? काकांना परत पाठवलं. फार वाईट वाटलं.

सर्व्हिसवाल्याने फोनवरच 'दाराचा पूर्ण सेट बदला' असं सांगितलं आणि चार दिवसांनंतरची वेळ दिली. दार न बघताच! मी दार हवाबंद करणारं सिलिकॉनचं गॅस्केट उपसून खिडकीच्या उजेडात धरलं. खालच्या बाजूला केसाएवढी चीर होती. चेंबरच्या कडेला बोट लावलं तर पांढरी, खरखरीत पुटं. पावसाळ्यात डिस्टिल्ड वॉटरचे कॅन संपले तेव्हा दोन आठवडे आम्ही फिल्टरचं पाणी ओतलं होतं. ते क्षार असे साचले आणि दार लावताना गॅस्केटला घासत राहिले. म्हणजे निम्मा दोष आमचा, आणि तो मी मान्य करतो. पण चिरलेल्या गॅस्केटसाठी आख्खं दार विकायला बघणं मला पटलेलं नाही. नुसतं गॅस्केट मागवलं, स्वतः बसवलं, लीक टेस्ट पास झाली.

जुलैत मी याच मशीनवर वैतागलो होतो, कारण अवजारांचे कागदी पाऊच ओले निघायचे. ओल्या कागदातून जंतू आत शिरतात, तो पाऊच वापरायचाच नाही. नंतर सिस्टरने पाऊच एकावर एक न रचता रॅकमध्ये उभे लावले, ट्रेमध्ये गर्दी कमी केली आणि भर पावसातही सगळे कोरडे निघाले. ती तक्रार मागे घेतो.

मशीन मात्र घेण्यासारखंच आहे. आधीच्या कुकरसारख्या ऑटोक्लेव्हमध्ये हँडपीसच्या (दात कोरायच्या यंत्राच्या) पोकळीतली हवा निघत नसे, आणि हवा अडली की तिथे वाफ पोचत नाही. हे आधी हवा ओढून घेतं, मग १३४ अंशांची वाफ सोडतं. पाकिटावर लावलेल्या इंडिकेटर टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणून निर्धास्त राहू नका. टेप फक्त उष्णता लागल्याचं सांगते, जंतू मेले का ते स्पोर टेस्टनेच, म्हणजे चिवट जंतूंचे बीजाणू मशीनमध्ये ठेवून ते मरतात का हे बघूनच, कळतं.

विकत घेताना लिटर आणि ऑफर नंतर विचारा. आधी विचारा की गॅस्केट सुटं मिळतं का, कितीला, आणि गोव्यात कोणाकडे. मी आता एक जादा घेऊन कपाटात ठेवलंय आणि सिस्टर रोज सकाळी मशीन गार असताना ओल्या कपड्याने कड पुसते. काका शुक्रवारी येतायत.