पँटोग्राफ की आयडोग्राफ? जुनं पितळी यंत्र घेण्याआधी

नकाशा लहान-मोठा करायला जुनं पितळी यंत्र घ्यायचं म्हटलं की पहिली नजर पँटोग्राफवर जाते. जर्मन जेझुइट पाद्री ख्रिस्तोफ शायनरने १६०३ मध्ये शोधलेली ही सांध्यांनी जोडलेल्या दांड्यांची रचना कामाला चोख आहे. दांड्यांवरच्या दोन्ही सरकत्या पेट्या हव्या त्या प्रमाणाच्या एकाच खुणेवर आणून कसल्या की झालं. नक्कल १/१२ पर्यंत लहान होते आणि सुलटी उतरते. मांडणी तपासायला ताणलेला दोरा पुरतो: टेकू (यंत्र ज्याभोवती फिरतं तो स्थिर बिंदू), पेन्सिल आणि गिरवायची सुई तिन्ही एका रेषेत हवीत. सांध्यांत सैलपणा असेल तर मात्र घेऊ नका. मोठी नक्कल काढताना तोच सैलपणा तितक्या पटीने कागदावर उमटतो.

माझं घोडं अडलं ते दांड्यांखालच्या छोट्या चाकांपाशी. कापडावर चिकटवलेल्या नकाशाची कड आली की चाक अडतं, हाताचा जोर नकळत वाढतो, चाक कडेवर चढतं आणि पेन्सिलीची रेघ तिथे हुकासारखी वळते. आजूबाजूला त्याच जाडीचा पुठ्ठा पसरला तर त्रास कमी होतो, पण चाकं फिरतील तेवढी सगळी जागा भरावी लागते. दर नकाशाला हे करत बसणं मला जमलं नाही.

एडिंबरोचे गणितज्ञ विल्यम वॉलेस यांच्या १८२१ च्या आयडोग्राफला, म्हणजे त्याच कामाच्या दुसऱ्या यंत्राला, ती चाकंच नाहीत. सगळा भार मधल्या एका जड टेकूवर असतो. दांडीच्या दोन टोकांना सारख्या व्यासाच्या दोन कप्प्या, त्यांना जोडणारी पोलादी पट्टी आणि कप्प्यांखाली दोन सरकते हात. हात हलका चालतो. प्रमाणही हवं ते मिळतं: प्रमाणातल्या दोन आकड्यांची वजाबाकी गुणिले १००, भागिले बेरीज. १:३ साठी २०० भागिले ४, म्हणजे ५०. दांडी आणि दोन्ही हात त्यांच्यावर कोरलेल्या मापाच्या ५० वर आणायचे. लहान करताना सुईची बाजू लांब ठेवा. एखादा हात उलट दिशेला सरकला तर आकृती वेडीवाकडी येते.

घेताना पट्टी नीट पाहा. सगळं शून्यावर ठेवून सुईची आणि पेन्सिलीची खूण करा, मग यंत्र अर्धं फिरवून सुई पेन्सिलीच्या खुणेवर आणा. पेन्सिल सुईच्या जुन्या खुणेवर पडायला हवी. चुकली तर पट्टीचे स्क्रू फिरवून अर्धी चूक काढा आणि पुन्हा तपासा. पट्टी गंजून खड्डे पडले असतील तर तो नग सोडून द्या.

आयडोग्राफची नक्कल उलटी, म्हणजे वरची बाजू खाली अशी येते. त्याची सवय होते. तिसऱ्या हिश्शापेक्षा लहान करताना मात्र तोल बिघडतो, आणि त्याआधीही दांडीवर सरकवायची शिशाची वजनं लागतात. पेटीत ती आहेत का, हे आधी विचारा. नकाशा फारच लहान करायचा असेल तर पँटोग्राफच बरा. अर्धा, दोन तृतीयांश, दोन पंचमांश अशी रोजची कामं असतील, तर थोडं थांबून आयडोग्राफ शोधावा असं मला वाटतं.